पालकांचा मोबाईल नंबर

"मॅडम, हा फॉर्म भरला की घरी कळतं का?"

विचारणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी. तास संपला होता, बाकीची पोरं कदंबची बस चुकेल म्हणून जिन्यावरून धडधडत गेली होती आणि ही फळा पुसायच्या निमित्ताने मागे राहिली होती. फळा पुसून झाला तरी डस्टर हातातच. दुसऱ्या हातात समुपदेशन कक्षाचा छापील कागद, चार घड्या घालून मुठीत मावेल एवढा केलेला. मी तो उलगडला. नाव, वर्ग, रोल नंबर, पत्ता आणि लगेच त्याखाली ठळक टायपात 'पालकांचा मोबाईल नंबर'. पुढे फुली, म्हणजे हे भरल्याशिवाय फॉर्म घेणार नाहीत. 'आपली अडचण थोडक्यात लिहा' ही ओळ पार तळाला, आणि तिच्यासाठी जागा बोटभर. तुला काय होतंय हे विचारायच्या आधी आम्ही तुझ्या बापाचा नंबर मागतो. मी म्हटलं, विचारून सांगते. ती चटकन म्हणाली, "नको मॅडम, असंच विचारलं." आणि मग आवाज एकदम मोकळा करून, व्हरांड्यातल्या कुणालाही ऐकू जाईल असा, "एम.ए.चे फॉर्म कधी सुटतात?"

पहिला प्रश्न दबक्या आवाजात, दुसरा मोठ्याने. घडलं ते एवढंच, पण डोक्यातून जाईना.

शिकवायला लागल्यापासून बघते आहे, पोरं कधी सरळ 'मला बरं वाटत नाही' म्हणत येत नाहीत. ती येतात ती बी.एड. करू की एम.ए., नेट परीक्षेची तयारी कुठून सुरू करू, लोकसेवा आयोगाला मराठीचा उपयोग होतो का, असलं काहीतरी घेऊन. उत्तर मिळालं तरी जात नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहतात, टेबलावरचा पेपरवेट फिरवतात, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या भेंड्यांची चौकशी करतात. पाच-दहा मिनिटांनी कुठेतरी वाक्य सुटतं: "झोपच येत नाही मॅडम", नाहीतर "घरी सगळे गप्प असतात". करिअरचा प्रश्न हे त्यांचं भल्या माणसाचं निमित्त आहे. तो विचारायला लाज वाटत नाही, उलट शहाणपणाचं दिसतं. आणि गंमत म्हणजे तो खोटाही नसतो. पुढे काय करायचं हे कळत नाही म्हणून झोप लागत नाही, आणि झोप लागत नाही म्हणून पुढचं काही सुचत नाही, यातलं आधीचं कुठलं हे त्यांनाही सांगता येत नसतं. आमच्याकडे मात्र दोन दारं आहेत. पहिल्या मजल्यावर प्लेसमेंट सेल, तळमजल्यावर समुपदेशन कक्ष. दोघांची रजिस्टरं वेगळी, दोघांचे अहवाल वेगळे.

त्या तळमजल्यावरच्या खोलीबद्दल जरा सांगते. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. अजून एका खिळ्याला व्हॉलीबॉलची जाळी लोंबते आणि पावसाळ्यात ओल्या कॅनव्हासचा वास भिंतीतून बाहेर येतो. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, वर टिश्यूचा डबा. डबा बघूनच मला धसका बसतो; इथे रडायचं असतं, हे आत पाऊल टाकायच्या आधीच ठरून गेलेलं. दार उघडतं ते बरोबर फीच्या खिडकीसमोर. खिडकीपाशी अकरा ते एक रांग असते आणि कक्षाची वेळही परवापरवापर्यंत अकरा ते एकच होती. रांगेतल्या प्रत्येकाला आत कोण गेलं, किती वेळ बसलं आणि बाहेर येताना नाक पुसत होतं का, हे सगळं दिसायचं. खिडकीच्या आत बसलेल्या क्लार्कबाई निम्म्या मुलांना घरच्या नावाने ओळखतात.

गोव्यात हे असंच असणार. अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न "खंयचो तूं?" आणि दुसरा "कोणाचो?" दोन उत्तरांत तुमचं कूळ, देऊळ, आजोबांची दुकानदारी आणि थोरल्या काकांचं भांडण, सगळं समोरच्याच्या ध्यानात येतं. या ओळखीच्या उबेवर आपण जगतो, खोटं कशाला बोला. माझी पहिली नोकरी अशाच एका 'कोणाचो' मधून कळली होती. पण हीच ऊब मन बिघडलेल्या पोराला चटके देते. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि मानसोपचाराची संस्था, आयपीएचबी, दोन्ही आहेत. सरकारी, चांगले डॉक्टर. पण वाळपईहून किंवा पेडण्याहून बांबोळीला जायचं म्हणजे दोन बसगाड्या, आणि दोन्हींत ओळखीचा माणूस. "कोणाक बरें ना?" "गोमेकॉत कोण आसा?" गोमेकॉ म्हटलं की चालतं. पलीकडचं नाव निघालं की माणसं आवाज खाली करतात. आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून 'आल्तिनोला नेला' असं म्हणतात. संस्था पणजीच्या त्या टेकडीवरून उठून बांबोळीला आली त्याला आता बरीच वर्षं झाली, बोलण्यातली भीती तेवढी तिथेच राहिली.

मी एम.ए.ला ताळगावच्या पठारावर होते. १९८५ साली सुरू झालेलं गोवा विद्यापीठ, सतीश गुजराल यांनी आखलेल्या इमारती, त्यांचे लांबच लांब व्हरांडे. पावसात पाणी आडवं आत शिरायचं आणि वर्गात ओल्या छत्र्यांची रांग लागायची. श्रावणाच्या सुमाराला सड्यावर सीतेची आसवं फुलायची, निळी-जांभळी, इतकी इवली की उभ्याने बघितलं तर नुसता रंग दिसतो, फूल बघायला गुडघे टेकावे लागतात. मी टेकले नव्हते. २०१२ चा सप्टेंबर होता आणि खाणी बंद झाल्या होत्या. बाबांचे खनिज वाहणारे दोन ट्रक. त्यातला एक कर्जावर. घरापुढे ते उभे राहिले ते उभेच, टायरमध्ये तेरडा उगवेपर्यंत. बाबा रोज सकाळी उठून आरसे पुसायचे. जायचं कुठेच नाही, पण आरसे लख्ख. आई बोलत नसे, आणि चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना आमच्याकडे पहिल्यांदा कुणी कुणावर ओरडलं नाही. ती शांतता फार वाईट होती. मी सकाळची पहिली बस पकडायची आणि शेवटच्या बसने परतायची. मधला वेळ विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

तिथे पिसुर्लेकरांचा संग्रह आहे, जुने पोर्तुगीज ग्रंथ, दप्तरं. पिसुर्ले आमच्याच बाजूचा गाव, तोही खाणींचा. मला पोर्तुगीज ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या बाजूला फिरकणारं कुणी नसे म्हणून मी तिथलं टेबल धरलं होतं. जुन्या कागदाचा वास, पंख्याची कुरकुर, खिडकीबाहेर पाऊस. वाचत होते म्हणायला हरकत नाही. बराच वेळ एकाच पानावर असायची. ग्रंथालयातला एक कर्मचारी येता-जाता बघायचा. एके दिवशी त्याने विचारलं, "तुझं अक्षर बरं आहे का?" आणि परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी उतरवायला बसवलं. पैसे नव्हते त्यात, पण रोज चार वाजता कुणीतरी माझी वाट बघतंय, एवढं त्या दिवसांत पुरलं. आमचे एक सर दर गुरुवारी प्रबंधिकेची चार पानं घेऊन यायला सांगायचे. चार म्हणजे चार, तीन चालायची नाहीत. लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे, कँटीनमधून भाजीपाव मागवायचे. घरची गोष्ट त्यांनी एकदाही काढली नाही. त्यांना ठाऊक होतं, हे मला फार नंतर उमगलं. समुपदेशन हा शब्द त्या दोघांनीही उच्चारला नाही, आणि मी त्या वर्षात टिकले ती त्यांच्यामुळे.

ही आठवण सांगितली की आमच्या स्टाफरूममध्ये माना डोलतात. "बघा, तेव्हा कुठे होते काउन्सेलर? शिक्षकच सगळं होते." इथे मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. माझ्याच वर्गात डिचोली तालुक्यातला एक मुलगा होता, त्याच्याही घरचे ट्रक. पाठांतर दांडगं, सप्ताहात भजनाला उभा राहिला की पहाटेपर्यंत आवाज तसाच. पहिल्या सत्रानंतर तो यायचा बंद झाला. हजेरीपटावर त्याचं नाव बरेच दिवस होतं, पुढे 'गैर' लिहीत लिहीत मग एका रेघेने खोडलं. त्याला ग्रंथालयातलं टेबल सापडलं नाही, त्याचे गुरुवार कुणी धरले नाहीत. मला माणसं भेटली हा योग होता, आणि योगावर विद्यापीठं चालवायची नसतात. काही वर्षांनी तो पणजीच्या जेटीवर दिसला, कॅसिनोच्या गणवेशात, काळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी. मी "कसा आहेस?" म्हटलं, तो "बरें आसा" म्हणाला. खरंच बरं असेल. पगार माझ्या तेव्हाच्या तासिकेच्या मानधनापेक्षा नक्कीच बरा होता. पण 'बरें आसा' हे आपल्याकडे तापाने फणफणलेला माणूसही म्हणतो.

परवा एका सहकाऱ्याने तक्रार केली की हल्लीच्या मुलांना ध्येय नसतं. ध्येय कसलं घेऊन बसलात! गोव्यातल्या पोराला ध्येय घरून मिळतं, आणि ते एकच, सरकारी नोकरी. २०२४ च्या अखेरीस नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली तेव्हा पेपर वाचून लोक हळहळले, पण कित्येक घरांत हळहळ पैसे बुडाल्याची होती, दिल्याची नव्हती. ज्या मुलासाठी दागिने मोडून पैसे दिले आणि काहीच झालं नाही, तो मुलगा त्या घरात जेवायला बसतो तेव्हा त्याच्या घशाखाली घास कसा उतरत असेल, हे कुठल्या प्लेसमेंट सेलच्या रकान्यात भरायचं? बाकीचे रस्ते आहेतच. वेर्ण्याच्या, कुंडईच्या कारखान्यात शिफ्ट. मोपाच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफ. बोटीवर जाणं. ब्रेक्झिटच्या आधी आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडही गाठता यायचं. मग तिथे गोदामात रात्रपाळी का असेना, गावात 'लंडनाक आसा' एवढं पुरायचं. हे सगळे रस्ते कुणाच्या ना कुणाच्या घराचे आहेत. मुलाचं स्वतःचं बोलणं त्यात येतं कुठे? मराठीतून एम.ए. करायचंय असं म्हणणारीला आमच्याकडे अजून "आनी मागीर?", म्हणजे 'आणि मग पुढे?', असं विचारतात. आणि खरं सांगायचं तर त्या 'मागीर'चं चोख उत्तर माझ्यापाशीही नसतं. आहे ती मोजकी यादी: शाळा, वर्तमानपत्र, आकाशवाणी, अनुवाद, स्पर्धा परीक्षा. मी ती वाचून दाखवते आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळते.

२०२२ सालच्या राष्ट्रीय नोंदींत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याचं लिहिलेलं आहे. हा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोरही आला, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मदतीचे फोन नंबर वसतिगृहांत, वर्गांत ठळक लावा. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या. आमच्याकडे परिपत्रक फिरलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मी ते घरी नेऊन वाचलं आणि एका सूचनेपाशी थबकले: विद्यार्थी आणि पालक, दोघांनाही नियमित करिअर मार्गदर्शन द्यावं. मनाच्या आरोग्यासाठी निघालेल्या आदेशात करिअरची गोष्ट, आणि तीही पालकांसकट. आमच्या पहिल्या मजल्याची आणि तळमजल्याची गाठ न्यायालयाने दिल्लीत बसून मारली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही विद्यार्थ्यांसाठी एक सेवाकेंद्र असावं असं म्हणतात. कागदावर आपण कधीच मागे नसतो. आमचं मेंटॉर-मेंटी रजिस्टर उघडून बघा. 'चर्चिलेला विषय': अभ्यासातील अडचणी. 'केलेली उपाययोजना': मार्गदर्शन केले. पानामागून पान, एकाच शाईत, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आदल्या आठवड्यातलं.

आमच्या समुपदेशक म्हापशाच्या. वयाने माझ्याहून लहान, आवाज खणखणीत, पायात नेहमी पावसाळी चपला. मी त्यांना फॉर्मबद्दल विचारलं तेव्हा त्या हसल्या. "तो फॉर्म माझ्या आधीचा आहे. मी तो भरून घेतच नाही, पण खिडकीवर तोच ठेवतात." घरी कळतं का? त्यांचं उत्तर त्यांनी घोकलेलं असावं, इतकं नेमकं होतं. अठरा पूर्ण झालेल्या माणसाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. मानसिक उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्यानेच दिलेला आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प बसणार नाही, आणि हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगून ठेवणार. "हे शेवटचं सांगितलं की मुलं जातात असं लोकांना वाटतं," त्या म्हणाल्या. "उलट आहे. त्यानंतरच बोलायला लागतात."

मग त्यांनीच बुधवारचं काढलं. दर बुधवारी त्या कॉलेजच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या रॅकशेजारी बसतात. टेबलावर पाटी, 'पुढे काय? शिक्षण, नोकरी आणि बाकीचं'. विद्यापीठाचे अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या, कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती, इंटर्नशिपची पत्रकं पसरलेली. तिथे बसलेलं कुणी दिसलं तर बघणाऱ्याला वाटतं, जाहिरात वाचतंय. पहिली पंधरा मिनिटं खरोखर जाहिरातीच. एका मुलाला तोंडी परीक्षेच्या नावाने हात गार पडायचे, घसा सुकायचा. त्याला त्यांनी आपल्या गोव्याच्या पाद्र्याची, आबे फारियाची गोष्ट सांगताना मी ऐकलं. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया, तोंडातून शब्द फुटेना, आणि खालून बाप कोकणीत कुजबुजतो, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" गोव्यात ही गोष्ट ऐकली नाही असं पोर नसेल, पण तो मुलगा पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसला. मला त्यात दुसरंच दिसलं. तो बाप शेजारी होता आणि मुलाचं काय अडलंय ते त्याने ओळखलं होतं. पुढे याच फारियाने संमोहनात सूचनेची ताकद ओळखली. पणजीतल्या त्याच्या पुतळ्याचे हात पसरलेले आहेत. बसमधून जाताना मी आता त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघते.

पाटीवरचं 'आणि बाकीचं' मला अजून थोडं खुपतं. आपण लाज जपून ठेवतोय का, असं वाटतं. ताप आल्यावर कुणी वर्तमानपत्राच्या रॅकशेजारी डॉक्टरला गाठत नाही. शिवाय आताची मुलं शाळेतच समुपदेशक बघून आलेली आहेत. "आमच्या शाळेत काउन्सेलर टीचर होती" हे ती सहज सांगतात. लपवायचं असतं ते त्यांच्या आई-बापांपासून. मी हे बोलून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "लाज जायची तेव्हा जाईल हो. तोवर बुधवार कशाला फुकट घालवू?" यावर वाद घालता आला असता. मी घातला नाही, कारण बुधवारी त्या टेबलाशी खुर्ची रिकामी नसते, आणि त्यातली काही मुलं नंतर तळमजल्यावरही जातात. आता दुपारी दोननंतर, खिडकी बंद झाल्यावर. तेवढी वेळ बदलून घेतली, तिला एकही रुपया लागला नाही. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास चालणारा, फुकट, आधी दर्शनी काचफलकात होता. तिथे उभं राहून तो कोण उतरवून घेणार? आता मुलींच्या आणि मुलांच्या प्रसाधनगृहांच्या दारांना आतल्या बाजूने चिकटवलाय. एका दारावर कुणीतरी त्याखाली पेनाने लिहिलंय, 'लागतो. बोलतात बरं.' शिपायाने ते पुसायला घेतलं होतं, मी राहू दे म्हटलं.

फळा पुसणाऱ्या त्या मुलीला मी उत्तर सांगितलं, व्हरांड्यात, चालता चालता. तिने मान हलवली आणि एम.ए.च्या प्रवेशाची तारीख परत विचारली. पुढे ती खाली गेली की नाही हे मला माहीत नाही. बाईंना विचारलं तर त्या सांगणार नाहीत, आणि विचारायचं नसतं हे मलाही आता कळतं.

सध्या अडलंय ते पालकांपाशी. आदेशात पालक आहेत, तर एक सभा घ्यायची ठरली. आधी ठरवलेला शनिवार जत्रेवर आला म्हणून पुढे ढकलला, पुढचा चवथीच्या खरेदीत गेला. आता दिवस ठरलाय आणि मराठी निमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी विषय लिहिला: 'मुलांचं पुढचं शिक्षण, नोकरी आणि घरातलं बोलणं'. वरून कागद परत आला, 'घरातलं बोलणं' वर काट मारून. पालकांना उगाच वाईट वाटेल, असं कारण. प्लेसमेंटवाल्यांचं म्हणणं, नुसतं 'नोकरीच्या संधी' लिहा, हॉल भरेल. भरेलही. बाबांना असं पत्र आलं असतं तर तेही आरसे पुसायचं सोडून आले असते, हे मला कळतं. पण आल्यावर त्यांच्याशी कशाबद्दल बोलायचंय ते पत्रात नको? मी खोडलेले शब्द पुन्हा लिहिलेत, या खेपेला नोकरीच्या आधी, आणि फॉर्मवरचा पालकांच्या नंबरचा रकाना काढायचा अर्जही त्याच पाकिटात घातलाय. सोमवारी कळेल.